बबनमामाच्या पिलांची कोरडी अंघोळ

पाखराला अंघोळ घालायची तर पाणी नव्हे, माती लागते, हे आमच्या घरात पहिल्यांदा बबनमामानं सांगितलं. आणि बबनमामानं सांगितलं म्हणूनच ते कुणी खरं मानलं नाही. बबनमामा म्हणजे माझ्या आईचा पाठचा भाऊ. मूळचा नांदुऱ्याचा, पण आई-वडील लवकर गेले आणि तो आमच्याकडे डोणगावला चार दिवस राहायला म्हणून आला. ते चार दिवस काही संपले नाहीत. मी शाळेची शेवटची वर्षं काढत होते तोवर मामाच्या डोक्यातून तीन धंदे निघून जमिनीत गडप झाले होते. आधी मधमाश्या आल्या. त्यांनी बाबांना असा प्रसाद दिला की बाबा आठवडाभर एका डोळ्यानं वर्गाकडे बघत होते. मग ससे आले. त्यांनी भिंतीखालून बोगदा काढून शेजारच्या पार्वताकाकूंची अख्खी मेथी फस्त केली. मग मामानं कोठीत अंधारात कुटाराची, म्हणजे वाळक्या काडाच्या चुऱ्याची, पोती टांगून अळिंबी लावली. ती छान उगवली, पण मामा गावाला गेलेला असताना आईनं कोठी उघडली, "अवं माय, कुटाराले बुरशी लागली" म्हणत सगळी पोती उकिरड्यावर नेऊन टाकली आणि कोठी धुऊन काढली. मामा परत आला तेव्हा आई त्याला मोठ्या कौतुकानं स्वच्छ कोठी दाखवत होती.

माझे बाबा गावच्या शाळेत मास्तर. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, आईसुद्धा. बाबांना दोन गोष्टींचा मनस्वी राग: एक उशिरा उठणं आणि दुसरी अंधश्रद्धा. रविवारी विहारात ते बोलायला उभे राहिले की भूत, भानामती, दृष्ट, करणी यांची एकेक करून अशी सालटी काढत की म्हाताऱ्या बायासुद्धा पदराआड हसायच्या. दुकानाच्या दारावर टांगलेलं लिंबू-मिरची दिसलं की ते सरळ सोडवून घरी आणत, लिंबू वरणावर पिळत आणि मिरच्या आईला ठेच्यासाठी देत. "गुरुजी आले, लिंबू लपवा," असं वाणी म्हणायचा. बाबांची आणखी एक खूण आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. मन मऊ असलं की ते आमच्यासारखंच वऱ्हाडी बोलत; रागावले की मात्र क्रमिक पुस्तकातून बोलल्यासारखे शुद्ध बोलत. त्यामुळे मामानं चौथा धंदा जाहीर केला तेव्हा बाबा काय म्हणाले ते मला अजून शब्दशः आठवतं.

"बबन, ही शेवटची संधी. दिवाळीपर्यंत या पक्ष्यांनी अंडी दिली तर तू येथे राहा. अन्यथा पुण्यास माझ्या मित्राच्या ओळखीने कंपनीत रखवालदाराची जागा आहे. तेथे जायचे."

"हाव, भाऊजी," मामा म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता, आणि माझा त्याहून जास्त. मला भावंडं नव्हती. आट्यापाट्या खेळायला, चिंचा पाडायला, गणित चुकलं की माझ्याऐवजी बोलणी खायला घरात एकच माणूस होता आणि तो पुण्याच्या कुठल्याशा फाटकावर उभा राहणार, ही कल्पनाच मला सहन होईना. मी त्या रात्री जेवले नाही. आईनं कळण्याची भाकर आणि वांग्याची भाजी केली होती, म्हणजे ज्वारीत उडीद दळून केलेली ती काळपट, खमंग भाकर, जिच्यासाठी मी एरवी ताटावरून उठत नसे. यावरून माझ्या दुःखाचा अंदाज यावा.

चौथा धंदा म्हणजे लावे. आमच्याकडे त्यांना बटेर म्हणतात. रानातले नव्हेत, ते धरायला बंदीच आहे. मामानं आणले ते पाळायचे जपानी लावे, एका सरकारी केंद्रातून, भोकं पाडलेल्या खोक्यात घालून, एसटीनं. मामा सांगायचा, सगळी गाडी त्या खोक्याकडे कान लावून बसली होती आणि कंडक्टरनं "एवढ्या पोराइचं अर्धं तिकीट तं काढा" म्हणून त्याची फिरकी घेतली. खोकं आमच्या मधल्या खोलीत उघडलं तेव्हा आत शंभरेक पिलं होती, एकेक अंगठ्याच्या पेराएवढं, तपकिरी अंगावर पिवळे पट्टे. मामानं पुठ्ठ्याचं गोल कुंपण केलं, वर बल्ब टांगला, पाण्याच्या ताटलीत खडे टाकले. खडे कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, "हे येडे पानी पेता पेता त्यातच झोपतेत अन् बुडून मरतेत." दिवसभर घरात बारीक चिवचिवाट चालायचा. बाबा पेपर वाचताना कपाळाला आठ्या घालायचे, पण खुर्ची काही त्या खोलीतून हलवायचे नाहीत.

पिलं थोडी मोठी झाली, पंखांना कोंब फुटले, आणि भलतंच सुरू झालं. मामा मक्याचा भरडा आणि शेंगदाण्याची ढेप, म्हणजे पेंड, कुटून त्यांना घालायचा. पिलं ते खायची कमी आणि त्यात लोळायची जास्त. एक भरड्याच्या ताटात बसायचं, कूस बदलायचं, पंखांनी दाणे अंगावर उडवायचं. मग दुसरं त्याच्यावर. अर्धं खाणं जमिनीवर. शिवाय पंखांच्या मुळाशी बारीक उवा दिसायला लागल्या. मामा कुंपणाशी उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला आणि एकदम म्हणाला, "ताई, याईले आंघोय पाह्यजे."

"मंग पानी ठेवू का?" आई चुलीकडे वळलीसुद्धा.

"पान्याची नाई वं! मातीची. कोरडी आंघोय. कोंबडी नाई का धुयीत लोयत?"

"धुतल्याबिगर आंघोय कशी होईन बाप्पा?" आई म्हणाली. आमच्या आईचा स्वच्छतेवर फार जीव. माती अंगावर घेऊन कुणी स्वच्छ होतं, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

पण कुठली माती? हल्ली माझ्या नात्यातली एक पोरगी लावे पाळते. तिनं मला मध्यंतरी फोनवर एक चकचकीत पिशवी दाखवली. पिलांच्या अंघोळीची रेती, धुतलेली, गाळलेली, दुकानातून आणलेली. मला हसूच आलं. आम्हाला ती माती शोधायला सगळा गाव पालथा घालावा लागला होता. पहिली निवड अर्थातच काळ्या मातीची झाली, कारण आमच्याकडे माती म्हटलं की काळीच. मामानं ती वाळवली, कुटली, परातीत घालून पिलांपुढे ठेवली. पिलं खूश. पण पिलांच्या जातीला पाण्याची ताटली सरळ ठेवणं माहीत नाही. तिथून ओले पाय घेऊन ती परातीत गेली आणि तासाभरात एकेकाच्या बोटांना मातीचे लाडू लागले. लाडू वाळले, घट्ट झाले, आणि पिलं गमबूट घातल्यासारखी थपथप चालू लागली. ओढून काढावं तर बोट निघून येईल. मी आणि मामा संध्याकाळभर कोमट पाण्याची वाटी घेऊन बसलो आणि एकेकाचे पाय भिजवून लाडू सोडवले. आई येता-जाता म्हणत होती, "पाह्य, शेवटी पान्यानंच धुवा लागलं ना!"

मग पुलाच्या कामावरची रेती आणली. ती जाड, टोकदार. पिलं तिच्यात लोळायला बघेनात. मग सुताराकडचा भुसा. तो मऊ होता, पण पिलांना वाटलं हाही भरडाच. त्यांनी तो पोटभर खाल्ला आणि दोन-तीन पिलं गळ्याशी गोळा येऊन मान वाकडी करून बसली. मामानं भुसा तिथल्या तिथे उचलला. तोवर गावभर ही बातमी झाली होती आणि ज्याला त्याला मातीचं ज्ञान फुटलं होतं. पार्वताकाकू म्हणाल्या, चुन्याची भुकटी टाका, उवा पटकन मरतात. वाण्यानं तर किडे मारायच्या पावडरीची पुडी फुकट देऊ केली. एरवी कुणालाही नाही म्हणताना अडखळणारा मामा या दोन्ही वेळी ताडकन नाही म्हणाला.

"चुन्यानं डोये जातीन काकू, छातीत जाईन. अन् ते पावडर? हे पिलं जे अंगाले लावतेत ते चोचीनं खातेतबी. जे म्या माह्या जिभेवर ठेवनार नाई ते याइच्या परातीत पडनार नाई."

हे वाक्य बाबांनी पेपराआडून ऐकलं. पेपर किंचित खाली झाला आणि पुन्हा वर गेला.

शेवटी राख ठरली. आमच्या चुलीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, आणि गोवऱ्या जळायच्या. राख मऊ, कोरडी, फुकट, आणि आईचा तिच्यावर विश्वास, कारण भांडी राखेनंच घासून निघायची. नुसती राख पिलांच्या नाकातोंडात जाते आणि ओली झाली तर कातडी पोळते, हे मी आता सांगू शकते. तेव्हा एवढंच कळत होतं की ती फार उडते. म्हणून मामानं तिच्यात नदीची बारीक गाळलेली रेती मिसळली. सकाळी चुलीच्या मागच्या कोपऱ्यातली थंड राख काढायची, गोळे हातानं फोडायचे, चाळायची आणि परात भरायची, हे काम माझं. आणि पिलांची ती अंघोळ! परात ठेवली की आधी एक धीट पिलू काठावर उभं राहून आत बघायचं, मग स्वतःला खाली टाकायचं. मग दुसरं, मग दहा. कुशीवर पडून पाय झाडायचे, मान राखेत घासायची, पंख फुलवून सगळी धूळ अंगात मुरवायची आणि मध्येच डोळे मिटून मेल्यासारखं निपचित पडायचं, इतकं की पहिल्या दिवशी आई "मेलं वं मेलं" म्हणून ओरडली. त्यावर ते पिलू उठून, अंग झटकून, आईच्या नाकात राख घालून चालतं झालं. पाहता पाहता पिसं चकाकायला लागली, उवा गेल्या, भरड्यात लोळणं थांबलं.

लोक बघायला यायला लागले. त्यात रोजची हजेरी पार्वताकाकूंची. त्यांचा भाजीचा मळा होता, पहाटे वांगी तोडून त्या उन्हं चढायच्या आत आमच्या ओसरीवर टेकायच्या. आणि काकू नुसतं बघायच्या नाहीत, तोंड भरून वाखाणायच्या; पिलांपेक्षा मामाला जास्त.

"शालूची माय, पोरगं कसं लायनीवर आलं वं! किती झटून राह्यलं पाखराईसाठी! रंगबी उजयला त्याचा. माही नजर वाईट नाई, पन लोकाइची काय सांगता? मीठ-मिरच्या उतरवून टाका एकडाव."

"आमच्यात नाई चालत, काकू," आई हसून म्हणायची.

आतून बाबांचा आवाज यायचा, "दृष्ट नावाची कोणतीही गोष्ट अस्तित्वात नाही, पार्वताबाई. डोळ्यातून काहीही बाहेर पडत नसते. प्रकाश डोळ्यात शिरतो."

"शिरत असन गुरुजी," काकू म्हणायच्या आणि चहाचा कप बशीवर ठेवून मामाकडे आणखी एकदा कौतुकानं बघायच्या.

त्या दिवसांत घरात बारीकसारीक चमत्कार होत होते, पण त्यांच्याकडे लक्ष द्यायला कुणाला फुरसत नव्हती. खड्या मिठाची बरणी भरभर रिकामी व्हायला लागली. आईनं तो आळ मामावर घातला, कारण मामाला कच्च्या पेरूला मीठ लावून खायची सवय. "बबन्या, मीठ खातं का फुकतं?" मामा पेरूच्या झाडाची शपथ घेऊन नाही म्हणाला. मामा ओसरीवर बाजेवर झोपायचा. त्याच्या गोधडीत सकाळी मोहरी सापडायची. पिलांच्या खाण्यातली उडाली असेल, असं म्हणून तो ती वेचून परातीत टाकायचा. आणि मला राख चाळताना शिंका यायच्या. साध्या नव्हे, एकामागून एक, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. राखेनं शिंका येणारच, असं म्हणून मी नाकाला ओढणी बांधायला लागले.

मग एके सकाळी पिलं पाण्याच्या ताटलीभोवती दाटीवाटीनं उभी होती. ताटली भरली की रिकामी, भरली की रिकामी. खालचं कुटार ओलंचिंब. दुपारपर्यंत काही पिलं झोकांड्या खायला लागली, काही नुसतीच पंख पाडून बसली, आणि संध्याकाळी मामानं त्यातली चार-पाच गार झालेली पिलं फडक्यात गुंडाळून परसात नेली. दुसऱ्या दिवशी आणखी गेली. मामानं भरडा बदलला, ढेप बदलली, पाणी उकळून गार करून दिलं. काही फरक पडेना. दिवाळी तोंडावर आली होती. बाबा खुर्चीत बसून पेपरचं एकच पान कितीतरी वेळ धरून होते. मला वाटलं, आता ते शुद्ध मराठीत काहीतरी बोलतील आणि सगळं संपेल. ते काही बोलले नाहीत. पण तिसऱ्या दिवशी मामानंच खुंटीवरची आपली पिशवी काढली आणि तिच्यात सदरे घालायला लागला.

"काऊन मामा?" मी विचारलं.

"बोललो होतो ना भाऊजीले. शब्द म्हंजे शब्द. उरल्यासुरल्या पिलाईले तू पाह्यजो शाले. परात मात्र रोज भरजो त्याइची. तेवढंच सुख हाय त्याईले."

मला रडू फुटलं. रडतच मी चुलीशी गेले, राख काढली आणि चाळायला बसले. शिंका आल्या, नाक वाहू लागलं, ओढणी निसटली. गोळा फोडताना बोटाला काहीतरी टोचलं. पाहिलं तर मिरचीचं देठ. आणखी चाळली तर लाल मिरचीचा अर्धा तुकडा, चांगला लालभडक, न जळलेला. आणि चाळणीतून खाली पडलेल्या राखेत पांढरे बारीक खडे. रेती तर अजून मिसळायची होती! मला मामाचं ते वाक्य आठवलं, जे जिभेवर ठेवणार नाही ते परातीत पडणार नाही. मी एक खडा उचलून जिभेवर ठेवला. मीठ होतं. मग चिमूटभर राखच तोंडात टाकली. खारट, अगदी लोणच्याच्या खारासारखी.

"मामा!" मी अशी किंचाळले की शेजारून पार्वताकाकूही धावत आल्या, हातात वांगं तसंच. मामानं राख चाखली. आईनं चाखली. काकूंनीही चाखली, का कोण जाणे. आम्ही चौघं राखेनं तोंडं भरून एकमेकांकडे बघत होतो. मामाच्या तोंडून एवढंच निघालं, "पिलं खडे समजून मीठ येचून येचून खाऊन राह्यले. म्हनून एवढी तहान!" मी म्हटलं, मिरचीनंही भाजलं असेल बिचाऱ्यांना. नंतर केव्हातरी मला कळलं की पाखरांना तिखट लागतच नाही, रानात मिरचीचं बी तीच तर पसरवतात. मिरची आम्हा माणसांना शिंकायला लावत होती आणि मीठ मुकाट्यानं पिलांचा जीव घेत होतं.

चुलीत मीठ-मिरच्या कशा जातात, हे सांगायची गरज कुणालाच नव्हती. सगळ्यांनी आधी पार्वताकाकूंकडे पाहिलं. "माह्याकडं काऊन पाह्यता?" काकू भडकल्या. "म्या नुसतं सांगतलं. तुमच्या चुलीलोग म्या कधी आली का?" मग सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईनं पिलांची, माझी आणि दोन्ही घरच्या पूर्वजांची शपथ घेतली. म्हणाली, "म्या टाकलं असतं तं मिरच्या जयल्या असत्या, मीठ तडतडलं असतं. हे तं कोन्या येड्यानं थंड्या राखेत पुरून ठेवलं!" आणि बोलता बोलता ती थांबली. कारण आमच्या घरात पहाटे सगळ्यांच्या आधी एकच माणूस उठायचा. चूल पेटवून अंघोळीचं पाणी तापवणं हा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम होता आणि त्या नेमाचं त्याला फार भूषण होतं.

बाबा दारात उभे होते. बनियन, धोतर, हातात तांब्या. त्यांनी घसा खाकरला. मी शुद्ध मराठीची वाट बघत होते.

"मीच टाकलं," बाबा म्हणाले. "चुलीत टाकलं असतं तं ठसका उठला असता, तुम्ही सारे जागे झाले असते. म्हनून मांगच्या राखेत दाबलं."

पार्वताकाकूंनी वांगं या हातातून त्या हातात घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "गुरुजी, तुम्ही पाखराइची दृष्ट काहाडली?"

"पाखराइची कायले काढू?" बाबा जमिनीकडे बघत म्हणाले. "बबनची. तुम्ही रोज येऊन म्हनता, लायनीवर आला, लायनीवर आला. पह्यल्यांदाच चांगलं चाललं होतं पोराचं. मी मानत नाई. पन म्हटलं मीठ घरचंच हाय, मिरच्या घरच्याच हायेत. तो झोपेत असते, त्याले काय समजते?"

मामा पिशवी हातात धरून उभा होता. "भाऊजी," तो म्हणाला आणि त्यानं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हनून माह्या गोधडीत मोहरी!" आणि खाली बसून तो हसायला लागला की रडायला, ते मला तेव्हाही कळलं नाही. आईनं पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे गदगदा हलत होते. मी मात्र सरळ रडले, मोठ्यानं, आणि मला फार बरं वाटलं. बाबांनी तांब्या खाली ठेवला, पाठ ताठ केली आणि त्यांची भाषा जागेवर आली. "मात्र ही गोष्ट या घराबाहेर जाण्याचे काहीही कारण नाही." हे ते पार्वताकाकूंकडे बघून म्हणाले. काकूंनी मान डोलावली आणि दुपारपर्यंत पाण्याच्या टाकीवरच्या सगळ्या बायांना ती गोष्ट माहीत होती. पुढच्या रविवारी विहारात बाबा बोलायला उभे राहिले तेव्हा पुढची रांग आधीच हसत होती. वाण्यानं तर त्यांच्या समोरच दोन लिंबं टांगली.

ती सगळी राख आम्ही लांब नेऊन टाकली. पिलांना स्वच्छ पाणी थोडं थोडं करून पाजलं. काही गेली, बरीचशी वाचली. पण परात रिकामी होती, आणि पिलं रिकाम्या परातीतही लोळायचा प्रयत्न करत होती, ते बघवेना. यावेळी मामानं कुणालाच विचारलं नाही. "कोंबडी कुठी लोयते ते पाहू," म्हणाला, आणि आम्ही दोघं पार्वताकाकूंच्या कोंबड्यांच्या मागे लागलो. त्या सगळ्या दुपारच्या वेळी एकाच जागी जायच्या, काकूंच्या गोठ्याच्या पडक्या भिंतीशी. ती भिंत गावठाणातल्या पांढऱ्या मातीची. कितीतरी पावसाळे खाऊन तिचा पीठ झालेला ढीग तिथं पडला होता. चिकट नाही, खडे नाहीत, ओली झाली तरी लाडू होत नाहीत. आम्ही ती आणली, पत्र्यावर कडक उन्हात वाळवली, चाळली, तिसरा हिस्सा नदीची बारीक रेती घातली. मामानं चिमूटभर जिभेवर ठेवली, मग मी, आणि आमच्या मागून आलेल्या बाबांनीही. "अळणी आहे," बाबा म्हणाले. परात ठेवली. एक धीट पिलू काठावर चढलं, आत बघितलं आणि स्वतःला खाली टाकलं.

दिवाळीच्या आत पहिलं अंडं सापडलं, तेही त्या परातीत, मातीत अर्धं बुडालेलं, तपकिरी ठिपक्यांचं. बाबांनी ते हातात घेतलं, उजेडात धरून पाहिलं आणि खिशात घालून शाळेत नेलं, मुलांना दाखवायला. पुण्याचं नाव त्यानंतर आमच्या घरात निघालं नाही. मामाची पिशवी खुंटीवर गेली आणि आईनं तिच्यात कांद्याचं बी ठेवायला सुरुवात केली. ज्या पोरीनं मला फोनवर चकचकीत पिशवी दाखवली ना, ती मामाचीच नात.

पण मला या सगळ्यात शेवटी आठवते ती पहिल्या अंड्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. गारठा होता, मी लवकर जागी झाले आणि गोधडी गुंडाळून दाराशी आले. ओसरीवर उजाडत होतं. बाबा मामाच्या बाजेशी उभे होते, मूठ मिटलेली, आणि ती मूठ मामाच्या डोक्यापासून पायापर्यंत सावकाश फिरवत होते, पुटपुटत काहीच नव्हते, कारण काय पुटपुटायचं ते त्यांना येतच नव्हतं. मग ती मूठ तशीच घेऊन, चुलीकडे न बघता, ते अनवाणी रस्ता ओलांडून पार उकिरड्यापर्यंत गेले. मी मामाकडे पाहिलं. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते, इतके घट्ट की कुठलाही झोपलेला माणूस मिटत नाही. बाबांची पावलं परत वाजली तेव्हा त्यानं नीट उताणं होऊन पाय लांब केले, आणि चांगला मोठ्यानं घोरायला लागला.